मुलाखत-मंडळावरील नव्या सहकाऱ्यास

आपण प्रथमच मुलाखती घेणार आहात, म्हणून एक सुचवतो: उमेदवाराची पारख केवळ अस्खलित इंग्रजी बोलण्यावरून करू नये. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले आणि पदवीधर म्हणजे इंग्रजी बोलणारा, हे समीकरण तेव्हापासून आपल्या मनात रुजले. परंतु पदवी परीक्षा प्रामुख्याने लेखी असते, तीत अस्खलित बोलण्याचा कस क्वचितच लागतो. मागे एक वाणिज्य पदवीधर मुलगी इंग्रजीतला पहिलाच प्रश्न ऐकून गप्प झाली; मराठीत विचारताच मात्र तिने बँक जुळवणी पत्रकात (आपली रोकडवही व बँकेचा हिशेब ताडून पाहण्याच्या तक्त्यात) वटायचा राहिलेला धनादेश दोनदा वजा झाल्याचे पेन्सिलीने दाखवून दिले. (ओशाळलो मीच.) परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलायचे पद असल्यास अस्खलितपणा अवश्य मागावा, हिशेबनिसाला इंग्रजी पत्र वाचून दोन ओळींचे नेमके उत्तर लिहिता येते का, एवढेच तपासावे.