गाडीचं आमिष आणि कुत्र्याच्या पायाची पट्टी

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा अकरावीत आहे. जूनमध्ये त्याने स्वतःच्या हाताने भिंतीवर '६५०' लिहिलं, आणि आता 'नीट'च्या (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या) सराव पेपरात ३०० गुणांच्या आसपास अडकून पुस्तकही उघडत नाही. बाबांनी गाडी कबूल केली, त्याने आठवडाभर जोर केला, पुन्हा जैसे थे. 'त्याला चालना कशी द्यायची?' असं तुम्ही मानेवाड्याहून विचारलंय.

गाडीचा विषय आधी मिटवा. अठरा पूर्ण होईपर्यंत गिअरच्या गाडीचं लायसन्स मिळत नाही, हे आहेच. पण माझा आक्षेप वेगळा आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. आवडीने चित्रं काढणाऱ्या लहान मुलांपैकी काहींना आधीच बक्षीस कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढू लागली. आवडीचं काम बक्षिसासाठीचं काम झालं की गोडी आटते. बाबांनी मात्र 'दिलेला शब्द चुकला' असं त्याला मोकळेपणाने सांगावं, गुपचूप विषय टाळू नये.

'६५०' खोडू नका, त्याच्या खाली दुसरा आकडा येऊ द्या. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला उणे १. म्हणजे चुकलेला एक प्रश्न बरोबर आला की ५ गुण वाढतात. मागचा पेपर काढून त्यानेच चुका वेगळ्या कराव्यात: आलंच नाही ते, येत होतं पण घाईत गेलं ते, आणि नुसतं ठोकलं ते. घाईतले पाच प्रश्न सुधारले तरी २५ गुण. ३००वरून ६५० त्याला दिसतच नाही हो, ३२५ दिसतं. घरी मात्र 'किती पडले?'च्या आधी 'या वेळी कुठली चूक टळली?' हे विचारायचं.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीकडे येतो. गल्लीतल्या कुत्र्याच्या जखमी पायाला पट्टी बांधण्यात त्याने दोन तास 'वाया घालवले', असं तुम्ही लिहिलंय. ती ओळ मी तीनदा वाचली. ज्या मुलाचं कशातच लक्ष लागत नाही असं तुम्हाला वाटतं, तो कुणी न सांगता दोन तास जमिनीवर बसून होता! डॉक्टर व्हायचं हे त्याचं आहे की घराचं, हे अजून कुणी त्याला विचारलेलं दिसत नाही. जेवताना सगळ्यांसमोर विचारू नका, दोघंच असताना विचारा आणि उत्तर मध्येच तोडू नका.

पशुवैद्यकाचा रस्ताही नीटमधूनच जातो. अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा, आणि कॉलेज आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सला. लोक आपली जनावरं तिथे तपासायला आणतात. त्या कुत्र्याचा पाय अजून बरा नसेल तर एखाद्या सकाळी त्याला घेऊन दोघं जाऊन या. वाटेत अभ्यासाचं काही बोलू नका. परतल्यावर तो काय म्हणाला, ते मला नक्की कळवा.