दोन खोल्यांचे घर आणि वर्षभराचे सामान

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमचे दोन खोल्यांचे जुने घर आहे. उन्हाळ्यात केलेल्या कांदा-लसूण चटणीच्या बरण्या, पापड-कुरडयांचे डबे, धान्याची पत्र्याची कोठी आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सहा गाद्या यांमुळे घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. भिंतीवर उंच कपाटे मारून घ्या, असे सुतार सुचवतात. परंतु भिंती मातीच्या असल्याने मन धजत नाही. काय करावे?

उत्तर : ताई, आपले मन धजत नाही ते योग्यच आहे. मातीच्या भिंतीत स्क्रू घट्ट पकड घेत नाही. सुरुवातीस कपाट बसल्यासारखे वाटले तरी भरलेल्या डब्यांचे वजन पडू लागले की आतली माती हळूहळू सुटते. अशा घरात वजन भिंतीवर न टाकता जमिनीवर उतरवावे, म्हणजेच आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात होती तशी पायांवर उभी राहणारी मांडणी करावी. छिद्रांच्या लोखंडी अँगलची मांडणी स्वस्त पडते आणि नट-बोल्ट काढून तिच्या फळ्या हव्या तेवढ्या वर-खाली करता येतात. सर्वांत खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर असावी, म्हणजे खालून केरसुणी फिरते आणि पावसाळ्यात फरशीची ओल डब्यांना लागत नाही. मांडणी पुढे कलंडू नये म्हणून तिचे वरचे टोक छताच्या तुळईला मात्र अवश्य बांधून घ्यावे.

फळीची रुंदी ठरवण्यापूर्वी आपली सर्वांत मोठी चिनी मातीची बरणी पोटाशी मोजावी. ती नऊ इंच भरली, तर फळी दहा इंचांची पुरे. सवयीने दीड-दोन फूट रुंद फळी केली जाते, मग बरण्यांच्या दोन रांगा लागतात, मागची रांग दिवाळीपर्यंत कोणाच्या हाती लागत नाही आणि खोलीतील चालण्याची वाट मात्र कायमची अरुंद होते. चटणीने भरलेली बरणी जड असते आणि तिला धरायला कान नसतो, म्हणून तिची जागा कमरेच्या उंचीवर किंवा त्याखाली. पापड-कुरडयांचे हलके डबे डोक्याच्या वर गेले तरी चालतात. कोठीला खालून धान्य काढण्याची झडप असेल, तर तिच्या झाकणावर फळी टाकून तीही जागा वापरावी; नसेल, तर कोठीचा माथा मोकळाच ठेवावा, कारण दर आठवड्याला वरचे सामान उतरवणे कोणाच्याच अंगवळणी पडत नाही.

गाद्यांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. ज्या वस्तूने जागा अडते, तिला रोजचे काम लावता येते का, हे आधी पाहावे. बाहेरच्या खोलीत लाकडी फळ्यांच्या चौकटीवर चार गाद्या एकावर एक रचून त्यांना एकच जाड खोळ घातली, तर उत्तम बैठक होते आणि सोफ्याची गरजच उरत नाही. उरलेल्या दोन गाद्यांच्या घट्ट गुंडाळ्या करून त्यांना अभ्रे शिवले की भिंतीशी टेकायला लोड मिळतात. यात्रेच्या दिवसांत बैठक उलगडली की पाहुण्यांची सोय होते. गाद्यांना वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, कडक ऊन मात्र दाखवावे.

प्रश्न : आमचे घर नदीच्या बाजूला तळमजल्यावर आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी घरात पाणी आले आणि पलंगाखालच्या कप्प्यातील सर्व सामान गेले. आता नवीन कप्पे कसे करावेत?

उत्तर : आपले दुःख मी समजू शकते, दोनदा घर उभे करणे सोपे नसते. नदीकाठच्या घरासाठी पेटीचा पलंग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाण्याने प्लायवूड फुगते, पेटीचे तोंड उघडता उघडत नाही आणि आतली ओल महिनोन्‌महिने हटत नाही. त्याऐवजी लोखंडी पायांचा पलंग घेऊन त्याखाली चाकांचे प्लॅस्टिकचे उथळ ट्रे ठेवावेत, म्हणजे प्रसंग आल्यास दोघांना ते उचलून माळ्यावर नेता येतील. माळ्यावरील एक कोपरा त्यासाठी वर्षभर रिकामा राखावा. भरलेल्या माळ्याचा त्या रात्री काहीच उपयोग होत नाही. कागदपत्रे, दागिने आणि मुलांची प्रमाणपत्रे झाकण घट्ट बसणाऱ्या एकाच डब्यात घालून तो कायम उंचावर ठेवावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी इशारा पातळीकडे सरकू लागले की धोक्याची वाट न पाहता खालचे ट्रे वर हलवावेत.

प्रश्न : ओट्याखाली गॅसचे सिलिंडर बंद कपाटात ठेवले, तर जागा वाचेल का?

उत्तर : जागा वाचेल, परंतु तसे करू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो बंद कप्प्यात तळाशी साचतो आणि लवकर लक्षातही येत नाही. ओट्याखालचा तो भाग दाराविना उघडा ठेवावा, सिलिंडर उभेच असावे आणि त्याच्या शेजारच्या अरुंद फटीत पोळपाट, परात व ताटे उभी लावावीत.