‘अनुभवाने कळते’ या उत्तराच्या पुढे

प्रश्न : कालबाह्य ठरलेली उपकरणे लोक कशी दुरुस्त करतात आणि वापरात ठेवतात, याचा मी अभ्यास करीत आहे. बारा कारागिरांच्या मुलाखती घेतल्या. परंतु दोष कसा ओळखता, असे विचारल्यावर जवळजवळ प्रत्येकाने ‘अनुभवाने कळते’ एवढेच सांगितले. माझे प्रश्न चुकत आहेत काय?

उत्तर : आपले प्रश्न योग्य आहेत, ते विचारण्याची वेळ मात्र बदलावी लागेल. समोर यंत्र नसताना कारागिराला मोघम उत्तरच सुचते. म्हणून एखादे उपकरण उघडले जात असताना शेजारी बसावे आणि ‘हाच भाग आधी का तपासला?’ असे त्या क्षणाचे प्रश्न विचारावेत. मानवशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्स कंपनीच्या तंत्रज्ञांचा असाच अभ्यास केला, तो १९९६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. छापील पुस्तिकेने न उलगडणारे दोष हे तंत्रज्ञ एकमेकांना जुन्या बिघाडांच्या हकीकती सांगत शोधून काढीत, असे त्यांना आढळले. तेव्हा दोन कारागीर बोलत असतील, तर आपण गप्प राहून ऐकावे.

कॅसेट प्लेअरचे उदाहरण घ्या. वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर त्यातील रबरी पट्टा सैल पडतो किंवा वितळल्यासारखा चिकट होतो. मूळ मापाचा पट्टा मिळाला नाही, तर जवळच्या मापाचा बसवावा लागतो. त्याने फितीचा वेग बदलू शकतो आणि मग मोटारीचा वेग जुळवताना ओळखीच्या गाण्याचा स्वर हीच कारागिराची मोजपट्टी ठरते. ‘अनुभव’ या शब्दात हे सगळे दडलेले असते.

सुटे भाग कोठून आले, हेही नोंदवावे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे, म्हणजे व्हिडिओ कॅसेट चालवणाऱ्या यंत्राचे, उत्पादन थांबवले. अशा यंत्राचे अनेक भाग आता दुसऱ्या जुन्या यंत्रातूनच काढावे लागतात. कोणते यंत्र वाचवायचे आणि कोणते भागांसाठी मोडायचे, हे कोण व कशावरून ठरवतो, हा माझ्या मते आपल्या अभ्यासाचा गाभा आहे.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. कारागिराच्या युक्त्यांवर त्याची उपजीविका चालते. त्या प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी आणि लिहिलेला मजकूर त्याला वाचून दाखवावा. चुकलेले तो लगेच दाखवील, आणि मुलाखतीत राहून गेलेले बरेच काही बहुधा त्याच वेळी सांगेल.