सुटका झाली, तरी भाऊ दारापाशीच थांबतो

प्रश्न : चार वर्षांनी कारागृहातून सुटून आलेला माझा धाकटा भाऊ रात्री दिवा मालवू देत नाही, आणि दार नुसते लोटलेले असले तरी कोणीतरी उघडेल म्हणून उभा राहतो. त्याला कामाला लावावे की डॉक्टरांकडे न्यावे?
– एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, बराकीत रात्रभर दिवा जळतो, ठरल्या वेळी मोजणी होते आणि दार उघडणे कैद्याच्या हाती नसते, चार वर्षे अंगवळणी पडलेले हे सारे घरी आल्या आल्या सुटत नाही, म्हणून त्याला हट्ट किंवा वेड समजू नका. दिवा तूर्त राहू द्या. दाराशी तो थबकला की घाई न करता, ‘कडी तूच काढ,’ एवढेच म्हणा.

काम हलके मिळाले तर जरूर करू द्या, पण त्यासाठी उपचार लांबवू नका. आत असताना गोळ्या चालू असतील तर त्याची कागदपत्रे मिळवा आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्या. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी उपचारांचा हक्क त्यालाही आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, आणि तुम्हीही बोला, कारण शेजाऱ्यांच्या प्रश्नांना तोंड तुम्हीच देत असणार. जगण्यात अर्थ नाही असे तो बोलू लागला, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.