नोकरी सोडून स्वतःचं मशीन टाकलं तर ताण झेपतो का?

तुम्ही विचारलंय की तेरा वर्षं सीएनसी सेटर म्हणून, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन कामाला लावून देणारा कारागीर म्हणून काढली, एक ओळखीची कंपनी जॉबवर्क (तिचा माल घेऊन त्यावर काम करून द्यायचं) द्यायला तयार आहे, तर नोकरी सोडावी का; सोडली तर ताण झेपतो का आणि समाधान खरंच मिळतं का. मी याच वाटेने आलोय. अकरा वर्षं नोकरी करून 2016 मध्ये भोसरीत भाड्याचा गाळा घेतला आणि एक जुनी सीएनसी लेथ टाकली. आज दोन मशीन आहेत, चार माणसं आहेत.

कामाचा ताण तुम्हाला येणार नाही, काम तुमच्या हातातलं आहे. ताण येतो तारखांचा. महिन्याच्या 5 ला बँकेचा हप्ता, 7 ला पगार, 10 ला भाडं, 20 ला जीएसटी. समजा सप्टेंबरात माल गेला आणि बिल सप्टेंबरचं. त्यावरचा कर मासिक रिटर्नसोबत 20 ऑक्टोबरपर्यंत भरायचाच, पैसे आलेले असोत वा नसोत. आणि पैसे येतात डिसेंबरात. म्हणजे जी रक्कम मी अजून पाहिलीही नाही, तिच्यावरचा कर माझ्या खिशातून जाऊन दीड-दोन महिने झालेले असतात. पहिल्या दोन वर्षांत मला झोप लागायची नाही ती यामुळेच.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे मात्र नीट समजून घ्या. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे पैसे अडकवता येत नाहीत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही करता येते. पण तुमचं सत्तर टक्के काम एकाच कंपनीकडून येत असेल, तर तिच्याविरुद्ध तक्रार करायला हात धजावत नाही. मी एकदा अर्ज पूर्ण भरला होता, पाठवला नाही. त्यापेक्षा 2023-24 पासून आयकरात जी तरतूद आली तिचा मला जास्त उपयोग झाला: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरता येत नाही. 2024 च्या मार्चमध्ये पहिल्यांदाच समोरच्या अकाउंट्समधून मला फोन आला, ‘तुमचं किती बाकी आहे?’ म्हणून सांगतो, उद्यम नोंदणी (एमएसएमई म्हणून सरकारी नोंदणी) पहिला माल पाठवायच्या आधी करा आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छापा.

आता समाधानाचं. ते कसं असतं हे एका रात्रीवरून सांगतो, कारण नुसतं ‘स्वातंत्र्य’ म्हणून काही कळत नाही.

फॉस्फर ब्राँझचे बुश, म्हणजे मधून भोक असलेले गोल नळीसारखे भाग होते. 25 मिमीचा बोअर (आतलं भोक), माप एच7, म्हणजे वर फक्त 21 मायक्रॉनची सूट आणि खाली शून्य. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजत चालली तसा बोअर लहान येऊ लागला, म्हणून मी मशीनला झिजेची भरपाई, म्हणजे वेअर ऑफसेट, थोडा थोडा देत गेलो. मग इन्सर्ट बदलली आणि तो ऑफसेट शून्य करायचा राहिला. रात्री साडेअकराला गेज लावला, तर त्याची नो-गो बाजू, जी भोकात जायलाच नको, सरळ आत गेली. मागचे 46 बुश तपासले. सगळ्यांत नो-गो जात होती. मोठा झालेला बोअर परत लहान करता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

नोकरीत असतो तर ते लाल डब्यात टाकले असते, रजिस्टरमध्ये आकडा लिहिला असता आणि शिफ्ट संपवून घरी गेलो असतो. इथे ब्राँझ ग्राहकाचं होतं आणि चूक माझी होती. सकाळी माल जायच्या आधी मीच फोन करून सांगितलं. त्यांनी डेबिट नोट, म्हणजे नुकसान माझ्या बिलातून कापायचा कागद, पूर्ण रकमेची लावली, एक रुपयाही सोडला नाही. त्या महिन्यात मी घरी पैसे नेले नाहीत. पण पुढे वर्षभरात त्यांनी आमचे बुश इनकमिंग इन्स्पेक्शनशिवाय (आलेल्या मालाची तपासणी न करता) थेट लाइनवर घ्यायला सुरुवात केली. तपासणीच्या कागदावर सही माझी असते आणि ती चालते. अकरा वर्षांच्या नोकरीत माझ्या सहीने मशीनवर जॉब पकडायचा साधा फिक्स्चरही बदलला नव्हता. सूचना पेटीत चिठ्ठ्या टाकून मी थकलो होतो. मला समाधान म्हणतात ते हे वाटतं.

सुट्टीचं म्हणाल तर ती गेली असंच धरा. भोसरीत गुरुवार बंद असतो. नोकरीत गुरुवार माझा होता, आता तो मशीनच्या दुरुस्तीचा आणि हिशेबाचा. माझी बायको चलनं आणि ई-वे बिलं बघते, म्हणून निभावलं. तुमच्या घरी अजून होकार नाही असं तुम्ही लिहिलंय. तो मिळवल्याशिवाय पाऊल टाकू नका, कारण हा ताण एकट्याने वाहण्यासारखा नाही.

नोकरी सोडली की कंपनीचा मेडिक्लेम संपतो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पीएफमध्ये कंपनी घालत होती तो हिस्साही आता आपल्यालाच बाजूला काढावा लागतो. मी तो तीन वर्षं काढला नाही आणि ती तीन वर्षं भरून निघालेली नाहीत. स्वतःलाही 7 तारखेला ठरलेला पगार द्या, भले तो तुमच्या माणसांपेक्षा कमी असो. हप्ता, भाडं आणि घरखर्च मिळून सहा महिन्यांचे पैसे हातात असल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

आणि ती ओळखीची कंपनी. काम देतो म्हणणारा माणूस परचेसचा, म्हणजे खरेदी विभागाचा असतो, पैसे तो देत नाही. एखाद्या सकाळी त्यांच्या स्टोअरच्या गेटवर जा. तिथे चलन घेऊन दोन-तीन टेम्पोवाले, व्हेंडर उभे असतातच. त्यांच्याबरोबर चहा घ्या आणि विचारा, पैसे किती दिवसांनी येतात. ते सांगतील त्यात अजून पंधरा दिवस मिळवा आणि तेवढे दिवस तुमचे पैसे पुरतात का ते मांडून बघा.