इंदूरमध्ये रोज खिशात ठेवायचा चाकू: खटकेवाला नकोच

तुमचा प्रश्न असा: ऑफिस विजयनगरला, दुपारी फळ कापायचं, कुरियरचे खोके उघडायचे, एखाद्या रविवारी चोरल-पातालपानीची सहल. वजन जाणवणार नाही असा घडीचा चाकू हवा, आणि ऑनलाइन दिसलेला काळा, बटन दाबताच उघडणारा घेऊ का?

तो आधी कार्टमधून काढा, भिया. चाकू वाईट म्हणून नव्हे, आपण मध्य प्रदेशात राहतो म्हणून. शस्त्र कायद्याच्या कलम ४ खाली इथे १९७४ची अधिसूचना आहे. सार्वजनिक जागी सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार बाळगायला मनाई, आणि स्प्रिंगने उघडणारा चाकू असेल तर पातं बोटभर असलं तरी मनाईच. नेटवर सगळे नऊ इंच, नऊ इंच करतात. तो केंद्राच्या शस्त्र नियमांतला आकडा. इथे राज्याचा धरून चला.

आता कोणीतरी म्हणेलच की स्विस चाकूतही स्प्रिंग असते. असते, पण ती पातं धरून ठेवते, बाहेर फेकत नाही. पातं तुम्हालाच नखाने ओढून काढावं लागतं. फरक तेवढाच, पण महत्त्वाचा.

माझ्याकडे सात-आठ वर्षं व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा कॅडेट नावाचा घडीचा चाकू आहे. घडी केल्यावर ८४ मिलिमीटर, वजन ४६ ग्रॅम, म्हणजे एखाद्या लिंबाएवढं. अ‍ॅल्युमिनियमची मूठ, त्यामुळे शर्टाच्या खिशातही लोंबत नाही. पातं बारीक आहे, आणि खरी गंमत तिथेच. जाड पात्याने जाम कापला जात नाही, फुटतो (पुण्याच्या मंडळींसाठी: जाम म्हणजे पेरू). कॅडेटने बी न सांडता पारदर्शक फोडी निघतात. नुसती पार्सलं आणि धागेच कापायचे असतील तर त्यांचाच ५८ मिलिमीटरचा क्लासिक घ्या. २१ ग्रॅम, आणि त्यातली कात्री पात्यापेक्षा जास्त वापरली जाते.

दुसरा पर्याय ओपिनेल नंबर ८. फ्रान्सच्या साव्वा भागातली १८९०पासूनची घडण, बीचच्या लाकडाची मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं आणि तरी वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास. मानेशी फिरवायची कडी आहे, ती १९५५पासूनची, पातं उघडं असताना घट्ट धरते. स्टेनलेसच घ्या. मी हौसेने कार्बन स्टीलचा घेतला, पहिल्याच कैरीने पातं काळंनिळं झालं आणि फोडींना लोखंडाची चव. शिवाय आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगतं, पातं मुठीत रुतून बसतं. नखाने ओढत बसू नका. मुठीचं मागचं टोक टेबलावर टक्कन आपटा, पातं चिमटीत येण्याइतकं वर येतं. साव्वाचे लोकही असंच करतात.

उघडं पातं अडकवून ठेवणारं लॉक हवंच, असा आग्रह मी सोडला. एका स्वस्त लॉकवाल्या चाकूच्या टोकाने रंगाच्या डब्याचं झाकण उचकत होतो, लॉक सरकलं, पातं तर्जनीवर मिटलं. तीन टाके. चाकूला पहार समजलो, ती चूक माझी; पण लॉक नसतं तर मी तसा जोर लावलाच नसता.

धारेसाठी सायकलवर सहाण फिरवणाऱ्याकडे देऊ नका. विळीला ते ठीक आहे. एवढंसं पातं ठिणग्यांत तापून टोकाशी निळं पडतं, तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं आणि पुढे धार टिकत नाही. घरातला चिनी मातीचा कप पालथा घाला, बुडाशी झिलई नसलेली खरखरीत कड असते. तिच्यावर साधारण वीस अंशांत दोन्ही बाजूंनी दहा-दहा हात. वर्तमानपत्राचा कागद न अडकता कापला की झालं. पुठ्ठ्याने धार फार लवकर जाते, तेव्हा रोज खोके फोडायचे असतील तर त्यासाठी सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानातून बदलत्या ब्लेडचा कटर आणा आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच ठेवा.

विमानाने जाताना चाकू चेक-इनच्या बॅगेत टाकायला विसरू नका. माझा पहिला कॅडेट किल्ल्यांच्या जुडग्यात होता, सिक्युरिटीच्या ट्रेमध्येच राहिला. वर ज्याचं कौतुक केलंय तो दुसरा.