सुरुवात ईमेलपासून करा

ऑनलाइन खाती सुरक्षित ठेवण्याबद्दल तुम्ही विचारलेल्या सगळ्या गोष्टींपैकी या आठवड्यात एकच हाती घ्या: तुमचा मुख्य ईमेल. बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येत असल्यामुळे ते एक खाते चोराच्या हाती लागले, तर बाकीची कुलुपे उघडायला त्याला वेळ लागत नाही. ईमेलला इतरत्र कुठेही न वापरलेला, चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड द्या आणि द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरचा कोड वगैरे दुसरा पुरावा मागणारी सोय) सुरू करा. त्या वेळी मिळणारे राखीव कोड कागदावर उतरवून कपाटात ठेवा. माझा फोन बंद पडला, तेव्हा जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेल्या अशाच एका कोडमुळे मला खाते परत मिळाले.

नवशिक्यांकडून हमखास होणाऱ्या चुका अशा:

- एकच पासवर्ड शेवटचा अंक बदलून सगळीकडे वापरणे. हे टाळण्यासाठी बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड सुरक्षित जपून ठेवणारे ॲप) सवडीने शिकून घ्या.
- अपडेट महिनोन्महिने पुढे ढकलणे.
- पैसे मिळतील या आशेने यूपीआय पिन टाकणे. पिन पैसे देताना किंवा शिल्लक तपासताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. फसवणूक झालीच, तर संकोच न करता ताबडतोब १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइन क्रमांकावर कळवा.

व्हीपीएन (इंटरनेटवरची वाहतूक सांकेतिक करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) आणि हार्डवेअर की (लॉगिनसाठी वापरायचे छोटे उपकरण) हे विषय सध्या बाजूला ठेवा. ईमेलचे काम झाले की जरूर विचारा.